पोथीकडे परतलेला अभ्यास

2006 साली लाइपझिग विद्यापीठाच्या ग्रंथालयात सतराव्या शतकातल्या छापील पुस्तकाच्या बांधणीवर चर्मपत्राचे एक पान सापडले. जुन्या पोथ्या फाडून त्यांची पाने पुठ्ठ्यावर चढवण्याची रीत तेव्हा युरोपभर होती, त्यामुळे तसे पान मिळण्यात काही विशेष नव्हते. विशेष होता तो मजकूर. भाषा जुनी सॅक्सन, प्रसंग ख्रिस्ताच्या थडग्यापाशी आलेल्या स्त्रियांचा, आणि काव्य ‘हेलिआंड’.

हेलिआंड म्हणजे तारणहार. हे नाव कवीने दिलेले नाही, 1830 साली श्मेलर या संपादकाने काव्य छापताना दिले. कवी अज्ञात आहे. शार्लमेनने 772 पासून 804 पर्यंत लढून ज्या सॅक्सनांना नमवले आणि बाप्तिस्मा घ्यायला लावला, त्यांच्या पुढच्या पिढीसाठी नवव्या शतकाच्या पूर्वार्धात कुणीतरी सुमारे सहा हजार अनुप्रासबद्ध ओळींत ख्रिस्तकथा रचली. आज तिच्या दोन मोठ्या पोथ्या उरल्या आहेत, एक म्यूनिकला आणि एक लंडनला. बाकी सुटे अवशेष बर्लिन, व्हॅटिकन, श्ट्राउबिंग आणि लाइपझिगचे.

या काव्याच्या अभ्यासाने दीडशे वर्षे एकाच प्रश्नापायी फार शक्ती खर्च केली: यात ‘जर्मानिक’ किती आणि ख्रिस्ती किती? फिल्मारने 1845 साली काव्यातल्या जर्मन प्राचीनत्वाच्या खुणा गोळा केल्या, आणि ती सवय जडली. खुणा आहेतच. बेथलेहेमबाहेर मेंढपाळांच्या जागी रात्री घोडे राखणारे सेवक आहेत. शिष्य हे सरदाराचे निष्ठावंत योद्धे आहेत. नाझरेथ आणि रोम या तटबंदीच्या गढ्या झाल्या आहेत. प्रभूच्या प्रार्थनेसाठी गूढ विद्येचा, ‘रून’शी नाते सांगणारा शब्द येतो. 1989 साली मर्फी यांनी ‘द सॅक्सन सेव्हियर’ या पुस्तकात हे सारे एकत्र आणून काव्याला नवा वाचकवर्ग मिळवून दिला, त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण एकेका शब्दातून जुना धर्म उकरून काढण्याची त्यांची ओढ मला पटत नाही. आणि या ओढीची मोठी किंमत विसाव्या शतकाने मोजली आहे: ‘जर्मन ख्रिस्त’ उभा करू पाहणाऱ्या राष्ट्रवाद्यांनी याच काव्याचा आधार घेतला होता.

उत्तर खरे तर 1868 सालीच हाती होते. विंडिश यांनी दाखवले की कथेचा क्रम टेशियनच्या एकत्रित शुभवर्तमानाचा आहे आणि कवीसमोर ह्राबानुस, बीड, अल्क्विन यांची लॅटिन भाष्ये होती. म्हणजे हा मठात शिकलेला, ग्रंथ पचवलेला माणूस. त्याने डोंगरावरील प्रवचनाला आठ सर्ग दिले, शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा गाळली नाही. मराठी वाचकाला हे अवघड वाटू नये. फादर स्टीफन्सने 1616 च्या ‘क्रिस्तपुराणा’त ओवी घेतली, स्वर्गाला वैकुंठ म्हटले; म्हणून ते पुराण वैष्णव ठरत नाही. श्रोत्यांच्या भाषेत जे शब्द तयार होते ते हेलिआंडच्या कवीनेही उचलले आणि त्यांच्याकडून नवे काम करून घेतले.

पोथी आणि भाषा तपासण्याच्या या विद्येचे खरे बळ दिसते ते दुसऱ्या एका गोष्टीत. ऑक्सफर्डला इसवी सन 1000 च्या सुमाराची एक जुन्या इंग्रजीतली सचित्र पोथी आहे, तिच्यात उत्पत्तीच्या कथेवरचे काव्य आहे. 1875 साली पंचविशीतल्या एडुआर्ट झीव्हर्सने म्हटले की त्यातल्या 235 ते 851 या ओळी मुळात इंग्रजी नाहीत, त्या जुन्या सॅक्सनवरून उतरवल्या आहेत. आधार फक्त शब्दांचा, वृत्ताचा आणि वाक्यांच्या ठेवणीचा. मूळ सॅक्सन काव्य तेव्हा कुणी पाहिलेले नव्हते. 1894 साली व्हॅटिकनमध्ये पंचांग-खगोलाच्या एका लॅटिन पोथीतल्या मोकळ्या जागांत लिहिलेल्या सॅक्सन ओळी सापडल्या. त्यातल्या सव्वीस ओळी झीव्हर्सच्या भागाशी जुळल्या, आणि एकोणीस वर्षांपूर्वीचा तर्क खरा ठरला. भाषाशास्त्राच्या इतिहासात इतका निखळ पडताळा क्वचितच मिळतो.

झीव्हर्सनेच 1878 साली म्यूनिक आणि लंडनचे पाठ समोरासमोर छापले. नंतर प्रमाण ठरली ती बेहागेलची आवृत्ती. तिच्यात दोन्ही पाठ मिळून एक झाले. चिकित्सित आवृत्ती अशीच घडते, तिची गरजही आहे. पण लंडनची पोथी दहाव्या शतकात इंग्लंडमध्ये नकलली गेली आणि तिचे स्वर ठिकठिकाणी म्यूनिकपेक्षा वेगळे आहेत. हा फरक तळटीपेत गेला की लेखनिक कुठला, कोणासाठी लिहीत होता, हा प्रश्नही तळटीपेत जातो. वाक्यरचनेच्या अभ्यासासाठी आज वापरात असलेला संगणकीय संग्रह ‘हेलिपॅड’ झीव्हर्सने छापलेल्या लंडनच्या पाठावर उभा आहे, हे म्हणूनच मला योग्य वाटते: वापरणाऱ्याला आपण एका पोथीचे बोलत आहोत हे ठाऊक असते.

आवृत्त्यांच्या बाबतीत गॉथिक या दुसऱ्या जुन्या जर्मानिक भाषेची परिस्थिती याहून बिकट होती. श्ट्राइटबेर्कच्या 1908 च्या आवृत्तीत गॉथिक बायबलासमोर जो ग्रीक पाठ छापला आहे, तो त्यांनी स्वतः जुळवलेला. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यालाच गॉथिक अनुवादक वुल्फिला याच्यासमोरचे मूळ समजून चालल्या. तो पाया कार्ला फालुओमिनी यांनी 2015 च्या पुस्तकात काटेकोरपणे तपासला. त्याआधी 2013 साली बोलोन्याची दोन गॉथिक पाने प्रसिद्ध झाली होती. ऑगस्टीनच्या ‘देवाच्या नगरी’खाली खरवडलेली गॉथिक अक्षरे, त्यात बायबलातली वचने गुंफलेला मजकूर. एकोणिसाव्या शतकात असली अक्षरे वाचण्यासाठी रसायने फासत आणि चर्मपत्र कायमचे काळवंडे. आता वेगवेगळ्या प्रकाशलहरींत छायाचित्रे घेतात आणि पान शाबूत राहते.

लाइपझिगच्या पानावरचे हस्ताक्षर बर्लिनच्या अवशेषाशी जुळते. दोन्ही एकाच फाडलेल्या पोथीचे असावेत असे अभ्यासकांनी दाखवले आहे. त्या पोथीची उरलेली पाने कुठल्या पुस्तकांच्या पाठीवर आहेत, ते शोधायला जर्मनीतल्या जुन्या ग्रंथालयांच्या बांधण्या एकेक करून तपासाव्या लागतील. ‘जर्मानिक आत्म्या’वर आणखी एक ग्रंथ लिहिण्यापेक्षा हे काम आधी व्हावे. आणि ज्यांना कुतूहल वाटले त्यांनी म्यूनिकची पोथी जरूर पाहावी, बव्हेरियाच्या राज्य ग्रंथालयाने ती महाजालावर सर्वांसाठी खुली ठेवली आहे.