दुर्बिणीचा खांब आणि उसने नियम

घरच्या वेधशाळेसाठी काँक्रीटचा खांब स्वतः कसा ओतावा, हे सांगणाऱ्या पाश्चात्त्य पुस्तिका आपल्याकडच्या हौशी निरीक्षकांच्या आणि शाळांच्याही हाती पडतात. त्यांतील कृती कोल्हापूरच्या परसात जशीच्या तशी उतरवावी का, हे आपण तपासून पाहू.

त्यांची दोन सूत्रे पक्की आहेत. पहिले, खांब जाड व आखूड असावा. भरीव गोल खांबाचा व्यास दुप्पट केला, तर वाकण्याला होणारा विरोध १६ पट होतो. उंची निम्मी केली, तर ८ पट. दुसरे, खांब व फरशी यांत दोन-तीन सेंटिमीटरची फट हवी. नाहीतर पाहणाऱ्याने पाऊल हलवले की गुरूही हलतो. खांबाचा माथा एका कोनीय सेकंदाने, म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागाने कलला, तरी १०० पट विशालन करणाऱ्या दुर्बिणीत ते डोळ्याला जाणवते.

आमचा आक्षेप पायाविषयीच्या नियमाला आहे. पाया गोठणरेषेच्या खाली न्यावा, असे या पुस्तिका सांगतात. कारण थंड देशांत जमिनीतले पाणी गोठून फुगते आणि उथळ पाया वर उचलते. कोल्हापुरात जमीन गोठत नाही. मग हातभर खड्डा पुरे, असा निष्कर्ष कोणी काढील. पण तो घातक ठरेल. पंचगंगेकाठची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. बर्फाचे काम इथे माती करते. म्हणून खोदाई काळी माती ओलांडून घट्ट मुरमापर्यंत न्यावी. पन्हाळ्याच्या जांभ्यावर मात्र तेवढे खोदण्याचे कारण नाही.

दुसरी उणीव अक्षांशाची. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तरेस आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर दिसतो. विषुववृत्तीय बैठकीचा अक्ष इतका आडवा झाला, की तोल साधणाऱ्या वजनाचा दांडा जाड खांबावर आदळू शकतो. लंडनच्या ५१ अंशांवर ही अडचण सहसा येत नाही. तेव्हा इथे खांबाचा माथा निमुळता ठेवावा, किंवा बैठक थोडी उचलून बसवावी.

तिसरा मुद्दा ‘एकट्याने’ या शब्दाचा. ३० सेंटिमीटर व्यासाचा, दीड मीटर लांबीचा खांब आणि ९० × ९० × ३० सेंटिमीटरचा पाया मिळून सुमारे ०.३५ घनमीटर काँक्रीट लागते. त्याचे वजन ८०० किलोग्रॅमहून अधिक भरते. पाणी घातलेला माल अर्ध्या तासात साच्यात पडावा लागतो. एकटा माणूस घमेल्याने कालवत बसला, तर खालचा थर आवळून सांधा कच्चा राहतो. त्यापेक्षा पाया एके दिवशी ओतावा, सळया वर काढून पृष्ठभाग खरबरीत ठेवावा आणि खांब नंतर उभारावा. खांबाला ०.१ घनमीटरच माल लागतो. तो एका बैठकीत संपतो. पुढे निदान ७ दिवस पाणी मारावे. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजण्याची रीत आहे. दुर्बीण चढवण्याची घाई करू नये.

या पुस्तिका टाकाऊ नाहीत. त्यांत नियम आहेत, पण कारणे अर्धीच आहेत. शाळेत असा खांब उभारायचा असेल, तर सिमेंट आणण्याआधी मुलांकडून खड्डा खणून घ्यावा आणि मातीचे थर वहीत काढायला सांगावेत. पाया किती खोल हवा, याचे उत्तर मुलांना त्या खड्ड्यातच सापडेल.