चित्रकथी, पिंगुळीची
महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने वंशपरंपरेने जोपासलेली, चित्रे दाखवीत कथा गाऊन सांगण्याची कला. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या ग्रंथात आढळतो. पिंगुळीच्या कलावंतांना सावंतवाडी संस्थानचा आश्रय लाभला होता.

एका कथेच्या चित्रसंचास ‘पोथी’ म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असल्याने पान उलटताच पुढील प्रसंग समोर येतो. सूत्रधार वीणा वाजवीत रामायण-महाभारतातील कथा सांगतो. साथीस टाळ व हुडुक असतात. आकृती बहुधा एकचष्मी, डोळे टपोरे, रेषा ठसठशीत असून पार्श्वभूमी बरीचशी मोकळी असते. ही मोकळीक म्हणजे चित्रकाराची उणीव नव्हे. स्थळ, काळ व मनोभाव पुरविण्याचे काम निवेदकाच्या वाणीकडे असते. जावातील ‘वायांग बेबेर’ या प्रकारात चित्रपट्ट उलगडत जातो आणि कथाही अखंड पुढे सरकते. पिंगुळीत मात्र ती पानोपानी तुटते व गायनाने सांधली जाते. या अर्थाने ही कला चित्रपटाच्या संकलनाशी नाते सांगते. मणी कौल (१९४४–२०११) या प्रयोगशील दिग्दर्शकाने १९७७ मध्ये चित्रकथी हा अनुबोधपट केला, हे म्हणूनच अर्थपूर्ण वाटते.

या कलेचे मूल्यमापन मात्र दीर्घकाळ केवळ चित्रांवरून झाले. पैठण परिसरातून मिळालेल्या अशा चित्रांवरून ‘पैठण शैली’ हे नाव रूढ झाले. त्यात चित्रे मिळाल्याचे ठिकाण राहिले, कथा सांगणारा समाज हरपला. पिंगुळीतील परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे रूपांतर संग्रहालयात करून ही उणीव काही अंशी भरून काढली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तथापि संग्रहालयात कागद टिकतो, कथनाचा क्रम व चाल टिकेलच असे नाही. चौकटीत बसवून विकले जाणारे सुटे चित्र डोळ्यांना सुखावते; परंतु त्याच्या आधीचे व नंतरचे पान पाहणाऱ्यास ठाऊक नसते. स्थानिक स्मृती त्या दोन पानांमधील आवाजात वसते. म्हणून चित्रांबरोबर संपूर्ण पोथीचे कथन नव्या पिढीच्या मुखी राहणे, हीच या कलेच्या जतनाची खरी कसोटी होय.