गॅझेटियरात न मावणारे गाव

जिल्ह्याचे गॅझेटियर आपल्याकडे कोणी वाचावयास घेत नाही. घेतो तो काही तरी शोधावयास. वकिलाला हद्द हवी असते, प्राध्यापकाला सनावळी, आणि बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याला शिकारीची जागा. यामुळे हा ग्रंथ साहित्य म्हणून कधी तपासलाच गेला नाही. वस्तुतः तो तपासण्याजोगा आहे.

चांद्याच्या वाट्याला असे तीन ग्रंथ आले : मेजर लूसी स्मिथचा १८६९ चा जमाबंदी अहवाल, १९०९ चे इंग्रजी अमदानीतले गॅझेटियर आणि १९७३ चे महाराष्ट्र शासनाचे. (गडचिरोली १९८२ साली वेगळा जिल्हा झाला, जंगलाला त्याची वार्ता नाही.) तिघांत सरस पहिलाच. स्मिथ सारा ठरवायला आला होता, पण लोकांचे ऐकत बसला. गोंड राजाने तळे बांधणाऱ्यास त्या तळ्याने भिजेल तेवढी जमीन देऊ केली, ही परंपरा त्याने टिपून ठेवली. त्याने दिलेल्या वंशावळीतील काळ पुढील संशोधकांना पटला नाही. तरी हकीकत घेताना त्यांना त्याच्याच दारी जावे लागले. पुढच्या दोन ग्रंथांत माहिती वाढली, शिस्त आली, आणि ऐकणारा माणूस मात्र नाहीसा झाला.

सिंदेवाहीच्या मुलुखात ही उणीव विशेष जाणवते. हा भाताचा आणि तळ्यांचा प्रदेश. पूर्व विदर्भातील तळी बांधण्यात कोहळी समाजाची ख्याती. ती १९५१ साली मालगुजारीबरोबर खाजगी मालकीतून गेली. आज लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. मामाच्या गावाशी याचा संबंध नाही, ‘माजी मालगुजारी’चे ते लघुरूप! ग्रंथात तळ्यांची संख्या आणि भिजणारे क्षेत्र मिळते. पाळ फुटली तर रात्री कोण धावे, बांधीत पाणी आधी कोणाच्या, याविषयी अक्षर नाही.

अमेरिकेच्या इलिनॉय, आयोवा भागातही परगण्यांचे जाडजूड इतिहास निघाले. १८७६ साली स्वातंत्र्याची शताब्दी आली आणि गावोगावी आपला इतिहास लिहा असे तेथील काँग्रेसने सुचविले. प्रकाशकांनी त्यातून धंदा काढला : आगाऊ वर्गणी भरा, तुमचे चरित्र छापतो. त्या पुस्तकांची थट्टाही पुष्कळ झाली. मूळच्या रहिवाशांची त्यांत एखाद्या प्रकरणात बोळवण, आणि ज्याने पैसे भरले तो थोर! तथापि त्या थट्टेतही एक गोष्ट उरते. कोणत्या शेतकऱ्याने कोठली जमीन कधी फोडली, हे तेथे नावानिशी सापडते. आमच्याकडे नावे राजांची आणि साहेबांची.

ही तक्रार केवळ जुन्या काळाची असती तर सोडून दिली असती. पण शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे घ्या. १९८३ साली आपल्या लहानशा शेतात त्यांना ‘पटेल ३’ भातात निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वाढवल्या. तांदळाला नाव पडले त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळाचे, ‘एचएमटी’. १९९४ साली बियाणे सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात गेले आणि १९९८ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित केले. निवड व शुद्धीकरण आमचे, असे विद्यापीठाचे म्हणणे. दादाजींचे म्हणणे निराळे. २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१८ साली ते वारले. या दिवाळीला आपल्यापैकी कित्येकांच्या ताटात तो भात असेल.

सरकारी ग्रंथाच्या चौकटीत हा वाद ‘पिके’ या प्रकरणात यावा की ‘लोक’ या? दोन्हीकडे त्याला जागा नाही. म्हणून सिंदेवाहीचे पुस्तक तेथल्याच कोणी तरी लिहिले पाहिजे. शाळामास्तराने, नाही तर तलाठ्याने. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, परगावी गेलेली माणसे परततात, रात्री नाटक रंगते. म्हातारी मंडळी पहाटेपर्यंत जागी असतात. वही घेऊन बसावे, ते तेव्हाच.