पाठमोरा नायक आणि उडालेली धूळ : बेसबॉलच्या छायाचित्रांचे एक आस्वादक वाचन

प्रास्ताविक

बेसबॉल हा आकड्यांचा खेळ आहे असे अमेरिकेत सर्रास म्हटले जाते आणि त्यात अतिशयोक्ती नाही. एकोणिसाव्या शतकापासून तेथील वृत्तपत्रे प्रत्येक सामन्याचा तपशीलवार धावफलक छापत आली. कोणी किती फटके मारले, कोण कितव्या डावात बाद झाला, कोणाच्या हातून चेंडू सुटला, हे सारे शंभर वर्षांनंतरही शोधून काढता येते. तथापि चाहत्याच्या मनात खेळाडू वास करतो तो सरासरीच्या रूपाने नव्हे. त्याला आठवते ती एखादी मुद्रा, वाकलेला खांदा, मातीत घुसलेला पाय. हे काम छायाचित्रांनी केले. प्रस्तुत लेखकाने हा खेळ मैदानावर बसून एकदाही पाहिलेला नाही. विद्यार्थिदशेत हाती आलेल्या एका छायाचित्रसंग्रहातून त्याची ओढ लागली आणि ती आजतागायत सुटलेली नाही. म्हणूनच पुढील विवेचन हे खेळाच्या जाणकाराचे नसून छायाचित्रांच्या एका वाचकाचे आहे. या वाचनात आनंद पुष्कळ मिळाला. परंतु कॅमेरा कोणापर्यंत पोहोचला आणि कोणापर्यंत पोहोचला नाही, हा प्रश्नही त्या आनंदाला चिकटून राहिला.

पाठमोरा नायक

१३ जून १९४८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमचा पंचविसावा वर्धापनदिन साजरा होत होता. त्या दिवशी बेब रूथ यांचा तीन हा क्रमांक संघाने कायमचा निवृत्त केला. कर्करोगाने पोखरलेले रूथ मैदानावर आले ते बॅटचा काठीसारखा आधार घेत. ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’चे छायाचित्रकार नॅट फाइन यांनी इतरांप्रमाणे समोरून छायाचित्रे घेतली, परंतु एका क्षणी ते रूथ यांच्या मागे गेले. ढगाळ दुपार असूनही त्यांनी फ्लॅश वापरला नाही. त्यातून जे छायाचित्र निर्माण झाले त्याला १९४९ चे पुलित्झर पारितोषिक लाभले. कारकिर्दीत ७१४ होमरन मारणाऱ्या, म्हणजे चेंडू सीमेपार धाडून चारही बेसना निर्विघ्न फेरी घालणाऱ्या त्या पुरुषाचा चेहरा या चित्रात नाही. सैल झालेला गणवेश, बारीक पाय, एका हातात टोपी आणि पाठीवर तीन हा आकडा, एवढेच दिसते. समोर प्रेक्षागाराचे मजले उभे आहेत. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, १६ ऑगस्ट रोजी, रूथ यांचे निधन झाले.

हे छायाचित्र थोर का, याचे उत्तर बहुधा करुण रसाच्या भाषेत दिले जाते. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. यांकीज संघाने १९२९ च्या हंगामापासून खेळाडूंच्या पाठीवर क्रमांक आणले आणि ते फलंदाजीच्या क्रमानुसार दिले : रूथ तिसरे येत म्हणून तीन, लू गेरिग चौथे येत म्हणून चार. म्हणजे मुळात हा आकडा दूरच्या प्रेक्षकाला ओळख पटावी यासाठी केलेली निव्वळ सोय होती. फाइन यांच्या चित्रात ती सोय चेहऱ्याची जागा घेते. आकड्यांचा खेळ म्हणून ज्याची ख्याती, त्या खेळातील एक आकडा येथे माणसाइतका एकाकी झाला आहे. समोरून घेतलेल्या चित्रात आपण रूथ यांच्याकडे पाहिले असते. येथे आपण त्यांच्याबरोबर, त्यांच्या जागेवरून, ते जे सोडून चालले आहेत त्याकडे पाहतो.

पाठमोरेपणाचे दुसरे उदाहरण अगदी निराळ्या रसाचे आहे. २९ सप्टेंबर १९५४, पोलो ग्राउंड्स, वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना. आठवा डाव, दोन्ही संघांच्या धावा दोन-दोन, क्लीव्हलंडचे दोन धावपटू बेसवर. विक वर्ट्झ यांनी चेंडू मध्यक्षेत्रात खोलवर टोलावला. न्यूयॉर्क जायंट्सचे विली मेज चेंडूकडे पाठ करून भिंतीच्या दिशेने धावत सुटले आणि खांद्यावरून येणारा चेंडू त्यांनी पुढे पसरलेल्या हातमोज्यात घेतला. छायाचित्रात दिसतो तो पाठीवरचा चोवीस आकडा. क्रिकेटमध्येही मागे धावत घेतलेले झेल आपण पाहिले आहेत. परंतु ज्या विश्वासाने हा माणूस चेंडूकडे पाठ फिरवतो तो विश्वास विरळा. रूथ यांची पाठ निरोप घेते, मेज यांची पाठ खात्री देते. जायंट्सनी तो सामना दहाव्या डावात ५-२ असा जिंकला आणि पुढील तिन्ही सामनेही.

समोरून घेतलेले चित्र अधिक खरे असते असा आपला समज असतो. तो किती फसवा आहे याचा प्रत्यय १९४७ च्या मे महिन्यातील एका छायाचित्राने येतो. त्याच वर्षी १५ एप्रिल रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले आणि प्रमुख साखळ्यांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली, कोठेही न लिहिलेली परंतु सर्वांनी पाळलेली कृष्णवर्णीयांवरील बंदी मोडली. लवकरच फिलाडेल्फिया संघाचे व्यवस्थापक बेन चॅपमन यांनी त्यांना भर मैदानात वर्णद्वेषी शिवीगाळ केली. त्यावर टीका होताच पुढील भेटीत दोघांचे एकत्र छायाचित्र घेण्यात आले. त्यात दोघेही समोर आहेत, चेहरे स्पष्ट आहेत आणि हस्तांदोलनाऐवजी दोघांनी एकच बॅट धरली आहे. रॉबिन्सन यांनी पुढे आत्मचरित्रात हे छायाचित्र काढून घेणे आपल्याला किती जड गेले ते नमूद केले आहे. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ छायाचित्रातील अशा एका तपशिलाविषयी बोलतात, जो पाहणाऱ्याला अवचित टोचतो. येथे टोचते ती बॅट. दोन तळहातांचा स्पर्श टाळण्यासाठी मधे आलेले ते लाकूड समेटाची सारी कथा उलटी करून सांगते. चाहत्यांच्या संग्रहांत हे चित्र क्वचितच आदराने लावले जाते. माझ्या मते ते फाइन यांच्या चित्राशेजारीच असावयास हवे.

धूळ

बेसबॉलच्या छायाचित्रणाचा इतिहास चार्ल्स कॉनलन यांना वगळून लिहिता येणार नाही. पेशाने ते न्यूयॉर्कमधील एका वृत्तपत्राचे मुद्रितशोधक. १९०४ पासून १९४२ पर्यंत, काचेच्या तबकड्यांच्या काळापासून, त्यांनी खेळाडूंचे चेहरे, चेंडूवरची बोटांची पकड, बॅट धरण्याच्या तऱ्हा टिपल्या. अक्षरातील चूक हुडकणारी नजर चेहऱ्यावरील सुरकुतीलाही सोडत नाही, असे त्यांची व्यक्तिचित्रे पाहताना वाटते. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र १९१० च्या आसपासचे. डेट्रॉइटचे टाय कॉब तिसऱ्या बेसकडे घसरत येत आहेत. माती उसळली आहे. दात आवळलेले आहेत आणि बेस राखणारे जिमी ऑस्टिन यांचा तोल गेला आहे. ऑस्टिन यांना इजा झाली की काय, या काळजीत कॉनलन होते. आपण चित्र घेतले की नाही हेही त्यांना आठवेना. खबरदारी म्हणून त्यांनी तबकडी बदलली आणि नंतर ती धुतल्यावर हे दृश्य उमटले. मित्राची काळजी करणाऱ्या माणसाच्या हातून, त्याच्या नकळत, हिंस्रतेचे इतके नेमके चित्र घडावे याचे नवल वाटते.

परंतु कॉनलन यांचा जवळजवळ चार दशकांचा कालखंड संपूर्णपणे त्या अलिखित बंदीच्या आत पडतो. ज्या मैदानांवर ते उभे राहिले तेथील प्रमुख साखळ्यांच्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडूला जागाच नव्हती. हा दोष त्यांच्या डोळ्यांचा नव्हे. मात्र बेसबॉलचा ‘सुवर्णकाळ’ म्हणून आपण ज्या चित्रांवर लोभ करतो त्यांची चौकट कोणी आखली, हे विसरून चालणार नाही.

या चौकटीबाहेरील सर्वांत मोठे नाव जॉश गिब्सन यांचे. निग्रो लीग्ज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र साखळ्यांतील होमस्टेड ग्रेज संघाचे ते कॅचर. रॉबिन्सन यांच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी, २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी ते वारले. त्यांचेही एक घसरतानाचे छायाचित्र उपलब्ध आहे : १३ ऑगस्ट १९४४, शिकागोचे कॉमिस्की पार्क, पूर्व-पश्चिम तारांकित सामना. गिब्सन होम प्लेटकडे येत आहेत, समोर कॅचर टेड रॅडक्लिफ आणि सर्वत्र धूळ. कॉब यांच्या चित्राशेजारी हे ठेवावे. धूळ तीच, आवेगही तोच; एक चित्र खेळाचे प्रतीक ठरले आणि दुसरे बराच काळ एका वेगळ्या इतिहासाची पुरवणी म्हणून पाहिले गेले. पिट्सबर्गमध्ये ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रासाठी काम करणारे चार्ल्स ‘टीनी’ हॅरिस यांनी गिब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना टिपले. एकच चित्र घेऊन थांबण्याच्या सवयीमुळे त्यांना ‘वन शॉट’ म्हणत. त्यांच्या सुमारे ८०,००० निगेटिव्ह तेथील कार्नेगी कलासंग्रहालयाने २००१ मध्ये मिळवल्या, ही दिलासा देणारी गोष्ट होय. त्यांत खेळाडू एकटे येत नाहीत. त्यांच्याभोवती त्यांची वस्ती, दुकाने, लग्ने, मिरवणुका आहेत. कॉनलन खेळाडूला त्याच्या भोवतालापासून वेगळा काढतात, हॅरिस त्याला त्यात परत नेऊन ठेवतात. आस्वादाच्या दृष्टीने मला दुसरी रीत अधिक समृद्ध वाटते, जरी पहिलीने मला या खेळाकडे ओढले.

मे २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने निग्रो लीग्जमधील १९२० ते १९४८ या काळाची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट केली. संशोधकांनी जुन्या वृत्तपत्रांतील धावफलक वर्षानुवर्षे चाळून ती जमवली होती. गिब्सन यांची कारकिर्दीची सरासरी ०.३७२ ठरली आणि कॉब यांची ०.३६७ ही सरासरी दुसऱ्या स्थानी गेली. एका हंगामाचा विक्रमही गिब्सन यांच्या १९४३ मधील ०.४६६ या सरासरीकडे आला. ज्यांची नोंद अपुरी त्यांचे सारे पराक्रम यात आले असे नाही. तरीही आकड्यांच्या बाबतीत हा अन्याय अंशतः का होईना दुरुस्त करता आला. धावफलक कोठेतरी छापला गेला असेल तर तो ऐंशी वर्षांनीही बेरजेत धरता येतो. न घेतलेले छायाचित्र मात्र नंतर घेता येत नाही.

याच दुरुस्तीत विली मेज यांच्या खात्यावर दहा फटके वाढले. १९४८ मध्ये, पोलो ग्राउंड्सवरील त्या झेलाच्या सहा वर्षे आधी, बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून खेळताना सतरा वर्षांच्या मेज यांनी ते मारले होते. त्यांची एकूण संख्या ३,२८३ वरून ३,२९३ झाली. १८ जून २०२४ रोजी मेज यांचे निधन झाले आणि दोनच दिवसांनी बर्मिंगहॅमच्या रिकवुड फील्डवर निग्रो लीग्जच्या सन्मानार्थ आधीच ठरलेला सामना खेळवला गेला. निधनाच्या वृत्तासोबत अनेक ठिकाणी १९५४ चे ते पाठमोरे छायाचित्र पुन्हा छापले गेले. रिकवुड फील्ड हे ब्लॅक बॅरन्सचे घरचे मैदान. त्या दहा फटक्यांपैकी एकाचेही छायाचित्र प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात अद्याप आलेले नाही.