हवामान धोरण आणि साखर उद्योगाच्या संघटना : सातारा-सांगलीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
कृष्णाकाठच्या सातारा व सांगली जिल्ह्यांचे अर्थकारण ऊस आणि साखर कारखाना यांभोवती उभे आहे. येथील सहकारी कारखान्यांची बाजू राज्य सहकारी साखर कारखाना संघ व 1960 साली स्थापन झालेला राष्ट्रीय महासंघ शासनदरबारी मांडतात. खासगी कारखान्यांसाठी 'विस्मा' व 'इस्मा' या संघटना आहेत. 2024 मध्ये 'इस्मा'ने आपल्या नावातच 'जैवऊर्जा' हा शब्द घेतला. हवामान बदलाची ही भाषा संघटना कोणत्या प्रश्नापुरती वापरतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

विवेचन :
2018 च्या जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासून इथेनॉल निर्मितीस मुभा दिली. 2022 मध्ये 20 टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट 2030 वरून 2025-26 पर्यंत अलीकडे आणले गेले. संघटनांनी त्याचे स्वागत केले आणि इथेनॉलचा दर व कोटा यांसाठी पाठपुरावा केला. त्यांचा युक्तिवाद निराधार नाही. इथेनॉलमुळे खनिज तेलाची आयात कमी होते, अतिरिक्त साखरेला वाट मिळते आणि ऊसबिले वेळेवर देणे सुलभ होते.

तथापि 2023 च्या घटनाक्रमाने या भूमिकेची मर्यादा उघड केली. 2019 च्या महापुरात सापडलेले शिराळा व मिरज हे तालुके 31 ऑक्टोबर 2023 रोजी दुष्काळग्रस्त जाहीर झालेल्या 40 तालुक्यांत होते. साताऱ्यातील वाई व खंडाळा यांचाही त्यांत समावेश होता. अपुऱ्या पावसामुळे साखर उत्पादन घटण्याची चिन्हे दिसताच केंद्राने 7 डिसेंबर 2023 रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. आठवडाभरात ती अंशतः शिथिल झाली आणि ऑगस्ट 2024 मध्ये पुढील हंगामासाठी निर्बंध उठले. संघटनांनी या निर्णयाकडे धोरणातील धरसोड म्हणून पाहिले. कर्ज काढून आसवन्या उभारणाऱ्या कारखान्यांच्या दृष्टीने ती तक्रार रास्तच होती. परंतु हवामान बदलावरील उपाय म्हणून पुढे केलेला उद्योग स्वतःच पावसाच्या लहरीवर अवलंबून आहे, हा त्यातील मूळ बोध मागेच राहिला.

नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल मिळविण्यास सुमारे 2,860 लिटर पाणी लागते. 2017 मध्ये राज्य शासनाने उसासाठी ठिबक सिंचन अनिवार्य करण्याचा निर्णय घेतला. पाणीबचतीचे ज्ञान उद्योगाच्याच मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उपलब्ध आहे. असे असूनही दर व कोटा यांच्या तोडीचे स्थान पाण्याला संघटनांच्या मागण्यांत मिळालेले नाही.

निष्कर्ष :
उत्सर्जन कमी करण्याचा लाभ प्रथम कारखान्याच्या ताळेबंदात दिसतो. पूर व दुष्काळ यांचा भार मात्र सभासद शेतकऱ्याच्या शेतावर पडतो. सहकारी कारखान्याचा मालक हाच सभासद असल्याने त्याच्या संघाने इथेनॉलच्या दराबरोबर ठिबकसाठी अर्थसाहाय्य, पूरसहिष्णू वाण आणि पाण्याच्या उपलब्धतेनुसार ऊस क्षेत्राचे नियोजन यांचाही आग्रह धरणे आवश्यक आहे. तसे न झाल्यास हवामान धोरणातील संघटनांचा सहभाग बाजारपेठ मिळविण्यापुरताच सीमित राहील.