विहिरीच्या पायऱ्या आणि ऑस्ट्रमबाईंचं पुस्तक

इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा : जेवायला बसलेले पाच तत्त्वज्ञ. गोल टेबल, माणसं पाच आणि काटेही पाचच. जेवायला मात्र प्रत्येकाला दोन काटे लागतात. सगळ्यांनी एकदम डावीकडचा काटा उचलला, की दुसरा कुणालाच मिळत नाही आणि सगळे उपाशी बसतात. या कोड्याचं मूळ डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये परीक्षेसाठी काढलेल्या एका प्रश्नात आहे. आम्ही ते गॅल्विनच्या जाडजूड पुस्तकातून पाठ केलं. एखाद्या प्रोसेसची पाळी कधीच आली नाही, तर त्याला त्या पुस्तकात 'स्टार्व्हेशन' म्हणतात. म्हणजे उपासमार. चार वर्षांत हा शब्द कितीदा लिहिला असेन, पण त्याचा अर्थ असा कधी मनात आला नाही.

मी मुळशीतल्या चांद्याचा. हिंजवडीच्या ऑफिसात कोड लिहितो. गावात आमची भावकीची विहीर आहे, तिच्यात चार घरांचा हिस्सा आहे आणि तो आण्यांत मोजतात. एका घराचे सहा आणे, एकाचे चार, उरलेल्या दोघांचे तीन-तीन. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणा हळूहळू चलनातून गेला. विहिरीतून तो अजून गेलेला नाही.

पावसाळ्यात भाताला विहिरीची गरज पडत नाही. भांडणं दिवाळीनंतर सुरू होतात, गहू-हरभरा आणि भाजीपाल्यासाठी. तीन वर्षांपूर्वी ती फारच वाढली, तेव्हा मी पुढाकार घेतला. आण्यांचे तास केले. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, तेही हिशोबात धरलं. एक्सेलमध्ये चार रंगांत वेळापत्रक केलं, प्रिंट काढली आणि थोरल्या चुलत्यांसमोर ठेवली. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आप्पांनी कागद नीट वाचला आणि म्हणाले, "तास बरोबर हायेत रं. पन पयल्या पाळीला हीर भरल्याली असती, शेवटच्याला नुसता गाळ. ह्यात पानी कुठं वाटलंस तू?"

गॅल्विनच्या टेबलावरचे काटे आटत नाहीत. विहिरीला मात्र झरे असतात, ती रात्रीतून भरते आणि दुपारपर्यंत तळ गाठते. मी वाटला होता तो वेळ. भावकीला हवं होतं पाणी.

याच काळात मी एलिनॉर ऑस्ट्रम यांचं 'गव्हर्निंग द कॉमन्स' वाचायला घेतलं. पुस्तक १९९० चं आहे. पुढे २००९ मध्ये ऑस्ट्रम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पुस्तकाचा रोख गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ च्या गाजलेल्या निबंधावर आहे. हार्डिन यांचं म्हणणं थोडक्यात असं : कुरण सगळ्यांचं असेल, तर जो तो आपली जनावरं वाढवत जाणार आणि शेवटी कुरण संपणार. उपाय दोनच, खासगी मालकी नाहीतर सक्ती. ऑस्ट्रम विचारतात की हे कुरण तुम्ही पाहिलं कुठं? आणि शेकडो वर्षं माणसांनी नीट सांभाळलेली खरी कुरणं, खरे पाट आपल्यासमोर मांडतात.

पुस्तक वाचायला रुक्ष आहे, हे आधीच सांगतो. पहिली दोन प्रकरणं पार करायला मला महिना लागला. तिसऱ्यात मात्र सोनं आहे. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावात १५१७ पासून नियम आहे, की हिवाळ्यात जितक्या गाईंना चारा घालू शकाल तितक्याच गाई उन्हाळ्यात सामाईक कुरणावर पाठवायच्या. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात पाटकऱ्यांचं न्यायालय दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी भरतं आणि तिथं सगळा कारभार तोंडी चालतो. आणि फिलिपिन्समधल्या झांजेरा. या पाणीवाटप संघांच्या जमिनीचे पट्टे पाडलेले असतात आणि प्रत्येक सभासदाला पाटाच्या तोंडाशी तसाच शेपटाकडेही तुकडा मिळतो. पाणी कमी पडलं तर शेपटाकडचा पट्टा सोडून द्यायचा, म्हणजे सगळ्यांचंच थोडंथोडं नुकसान होतं.

हे वाचलं तेव्हा आप्पांचीच आठवण झाली. त्यांची हरकत शब्दशः हीच होती. मग शोधता शोधता कळलं, की यासाठी फिलिपिन्सला जायचीही गरज नव्हती. आपल्याकडे धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यायचं आणि पाणी फिरवायला गावानेच पाटकरी नेमायचा. कुणा इंजिनिअरला ते शिकवावं लागलं नव्हतं. पुढच्या हंगामात आम्ही पाळीचा क्रम फिरता केला. या आठवड्यात जो शेवटी, तो पुढच्या आठवड्यात पहिला. सोपं होतं. पुस्तकाला इथं पूर्ण मार्क.

माझी तक्रार इथून पुढे सुरू होते. ऑस्ट्रम यशाची मोजपट्टी काय धरतात? टिकणं. जी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालली, ती त्यांच्या यशस्वी यादीत जाते. त्यांच्या आठ सूत्रांतलं पहिलंच सूत्र आहे हद्दीचं : हक्क कुणाचा आणि कुणाचा नाही, हे स्पष्ट हवं. पण ती हद्द कुणी आखली आणि आखताना बाहेर कोण राहिलं, हा प्रश्न पुस्तकात मागे पडतो. टोर्बेलच्या १४८३ च्या दस्तऐवजातच लिहिलंय, की बाहेरच्याने गावात जमीन विकत घेतली तरी कुरणावर त्याला हक्क मिळणार नाही. व्यवस्था टिकली, कारण दार बंद होतं. हा न्याय झाला का?

हा प्रश्न ज्यांनी सरळ अंगावर घेतला ते इंजिनिअर-उद्योजक विलासराव साळुंखे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात त्यांनी काम सुरू केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचताना दचकायला होतं. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि ज्याला जमीनच नाही, त्यालाही पाण्यात वाटा.

ऑस्ट्रम यांचं पुस्तक आणि साळुंख्यांचे नियम शेजारी ठेवले, की एक अवघड गोष्ट दिसते. व्हॅलेन्सियात पाणी जमिनीला बांधलेलं आहे आणि ती व्यवस्था शतकं चालली. पाणी पंचायतीने ते माणसाला बांधलं, पण तिच्या सगळ्या योजना काही टिकल्या नाहीत. मग न्याय्य कोण आणि यशस्वी कोण? आयुष्य हीच मोजपट्टी धरली, तर आमच्या सहा-चार-तीन-तीन आण्यांनाही पैकीच्या पैकी द्यावे लागतील.

मुळशीकरांना तरी हद्दीचा प्रश्न विसरता येऊ नये. इथं धो धो पाऊस पडतो, पण मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याला जातं, तिथं वीज करतं आणि कोकणात वाहून जातं. १९२१ ते १९२४ या काळात त्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर सविस्तर पुस्तक लिहिलंय, जरूर वाचा. तिथं हद्द आखणारे वेगळे होते आणि बुडणारे वेगळे.

आमच्या विहिरीवर हाच प्रश्न छोट्या आकारात आला. गेल्या काही वर्षांत आजूबाजूला सोसायट्या झाल्या. लग्नानंतर मीही त्यातल्याच एका फ्लॅटमध्ये राहायला गेलो. उन्हाळ्यात आम्ही टँकर मागवतो. एका मार्चमध्ये कळलं, की आमच्याच भावकीतले एक काका आपल्या पाळीचं पाणी टँकरला विकतायत. विचारलं तर म्हणाले, "माझी पाळी, माझं पाणी. गव्हाला घालीन नायतर टँकरला." माझ्या एक्सेलप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. तासांचा नियम मी लिहिला होता, पाणी कशासाठी वापरायचं याचा नव्हता. उसाला पाणी नाही असं साळुंख्यांनी का ठरवलं असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

बैठक बसली. बरीच ओरडाआरडा झाल्यावर माझी चुलती, जी एरवी अशा बैठकीत बोलत नाही, म्हणाली, "आन् हंडेवाल्यांचं काय?" विहिरीच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांची पाच-सहा घरं आहेत. त्यांच्या बाया पिण्याचं पाणी आमच्याच विहिरीवरून नेतात. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही, आण्यांत हिस्सा नाही. माझ्या एक्सेलमध्ये ओळी चार होत्या. नियम फिरता केला, तेव्हाही चारच होत्या. ऑस्ट्रम वाचून, साळुंखे वाचून, हद्दीवर ऑफिसातल्या मित्रांना व्याख्यान देऊनही पाचवी ओळ मला दिसली नव्हती. चुलतीने यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही. ती रोज सकाळी विहिरीवर असते.

शेवटी ठरलं ते आप्पांच्या तोंडून, आणि तास-आण्यांत नाही, पायऱ्यांत. विहिरीला उतरायला दगडी पायऱ्या आहेत. पाचवी पायरी उघडी पडली की टँकर बंद. सातवी उघडी पडली की सगळ्यांच्या मोटारी बंद आणि फक्त हंडे, ज्याचे असतील त्याचे. पायरी सगळ्यांना दिसते. तिला लाइट लागत नाही आणि ती मोजायला मी लागत नाही.

मग पुस्तकाचं काय? ऑस्ट्रम यांच्यावर सगळा राग काढणं अन्यायाचं होईल. आपली सूत्रं म्हणजे कुठेही लावायचा नकाशा नव्हे, हे त्या स्वतःच बजावतात. नियम ज्यांना पाळायचेत त्यांनीच ते करावेत, हेही त्यांचंच सूत्र. ते मी पेन्सिलने अधोरेखित केलं होतं आणि वेळापत्रक मात्र एकट्याने ऑफिसात बसून केलं. चूक पुस्तकाची कमी आणि वाचण्याच्या सवयीची जास्त. दहा मार्कांसाठी वाचायला शिकलेला माणूस पुस्तकात उत्तर शोधतो. हे पुस्तक प्रश्नांची यादी म्हणून वाचावं : आत कोण, बाहेर कोण, नियम कुणी केला, मोजतं कोण, मोडला तर काय. ही यादी घेऊन विहिरीवर जायचं आणि रोज तिथं असणाऱ्यांना बोलू द्यायचं.

पायऱ्यांचा नियम गेल्या उन्हाळ्यात पाळला गेला. जवळजवळ. मेच्या शेवटी, सहावी पायरी उघडी असताना, एका रात्री टँकर येऊन गेला असं चुलती म्हणते. काका नाही म्हणतात. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीतही टँकर आला होता. पाणी कुठून आणलं ते आम्ही कुणी विचारत नाही, तसं त्या दिवशीही विचारलं नाही. मी अंघोळ करून ऑफिसला गेलो.