सुट्टीतलं प्रेम मराठीत का सापडत नाही?

विषय निवडताना आपल्यापैकी बरेच जण एक सोपी वाट धरतात. इंग्रजीतला एखादा गाजलेला प्रकार उचलायचा, त्याच्या आधी 'मराठीतील' हा शब्द लावायचा, झालं शीर्षक तयार. मीही हेच केलं होतं. माझा प्रकार होता 'समर रोमान्स', म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत फुलणारं कोवळं प्रेम.

नमुना म्हणून जेनी हानची 'द समर आय टर्न्ड प्रिटी' घ्या. कादंबरी २००९ ची, २०२२ पासून तिच्यावर मालिका आली आणि आपल्याकडच्या कॉलेजातल्या पोरींनीही ती मोबाइलवर पाहिली. समुद्रकाठचं घर आईच्या मैत्रिणीचं. तिचे दोन मुलगे. दर उन्हाळ्यात तिथे येणारी बेली यंदा वयात आलेली. आणि या सगळ्यामागे त्या मैत्रिणीचं आजारपण. प्रेम, घर, मोठं होणं, सगळं एकाच सुट्टीत.

मग मी मराठीत असं काही शोधायला लागले. हाताला फारसं लागेना. मी सिनॉप्सिसमध्ये बिनधास्त लिहून टाकलं, 'मराठीत हा प्रकार उपेक्षित राहिला आहे.' गाइडनी त्या 'उपेक्षित'भोवती पेन्सिलने गोल काढून दिला, बाकी काही बोलले नाहीत. तो गोल मला महिनाभर छळत होता.

उत्तर मिळालं ते मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'त (२००४). तुम्ही वाचली असेलच, निदान सुजय डहाकेचा सिनेमा पाहिला असेल. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, अर्धवट बांधलेल्या इमारतीतला त्यांचा अड्डा, बाहेर आणीबाणी आणि वर्गात शिरोडकर. आता एक साधी गोष्ट करा: दोघं एकमेकांना कधी आणि कुठे बघतात याची वहीत नोंद ठेवा. वर्ग, शाळेचा रस्ता, शाळेच्या वेळा. म्हणजे प्रेमाला जागा देते ती शाळा. आणि वर्ष संपतं, निकाल लागतो, तेव्हा शिरोडकर गाव सोडून गेलेली असते.

बेलीची गोष्ट सुट्टीत सुरू होते, मुकुंदची सुट्टीपाशी संपते. सांगाडा पुरता उलटा. मिखाइल बाख्तिन याला 'क्रोनोटोप' म्हणतो. शब्दाला घाबरू नका. कथेत काळ आणि जागा एकमेकांत कशा गुंतल्यात, आणि त्या गुंत्यात माणसांना काय करणं शक्य होतं, एवढंच त्यात बघायचं असतं. मुलगा-मुलगी सहज समोरासमोर येऊ शकतील अशी मोकळी सुट्टी त्या जगातच नसेल, तर तसलं प्रेम 'उपेक्षित' कसं म्हणणार? त्याला उभं राहायला जागाच नाही.

आता नागराज मंजुळेंचा 'फँड्री' (२०१३) शेजारी ठेवा. मुकुंदला निदान रोजची शाळा आहे, गप्पा मारायला नरूमामा आहे. जब्याची शाळाच घरच्या कामासाठी बुडते. बहिणीच्या लग्नाला पैसे हवेत म्हणून सगळं घर डुकरं धरायला उतरतं, आणि तेही शाळेजवळ, शालूच्या डोळ्यांदेखत. इथे कुटुंब प्रेमाच्या मागचा पडदा नाही. जब्याच्या दिवसातला कोणता तास त्याचा स्वतःचा, हे घरची गरज आणि जात ठरवते. मला विचाराल तर 'शाळा'वर लिहिणाऱ्यांनी 'फँड्री' पाहिल्याशिवाय 'कोवळं प्रेम' हा शब्द वापरू नये. थोडं जास्त झालं असेल, पण मत तेच आहे.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी गावात दिसायला हवं होतं. मी घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावची. आमच्याकडे दहावीचा शेवटचा पेपर म्हणजे भेटीगाठींचाही शेवट. मुलं दुपारभर विहिरीवर पोहायला, मुली घरात कुरडया-पापडात. माझ्या वर्गातल्या काही जणी त्यानंतर मला दिसल्या त्या थेट हळदीच्या अंगाने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली दिसतात, शेजारच्या परभणीत तर ४८ टक्क्यांच्या आसपास. आणि लग्नसराई कधी? ऐन उन्हाळ्यात. बेलीला जो महिना मोकळा मिळतो, तोच इथे मुलीचा हिशेब मिटवायचा महिना.

पण थांबा, माझ्या या मांडणीलाही गावातच एक भोक पडतं. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्यातल्या ज्या पोरांना सोबत जावं लागतं, त्यांची हिवाळ्यातली शाळा फडावरच बुडते. गाव, मित्र, ओळखीचे चेहरे, सगळं उन्हाळ्यातच भेटतं. म्हणजे 'शाळा जोडते, सुट्टी तोडते' हे माझं सूत्र स्थिर घरातल्या पोरांचं निघालं, म्हणजे मुकुंदचं आणि माझंसुद्धा. प्रकरणात आता ते तेवढ्यापुरतंच ठेवलंय.

'उपेक्षित' खोडून मी तिथे प्रश्न लिहिला: या कथेत सुट्टी कोणाला आहे? तोच घेऊन 'शाळा' परत वाचली आणि या वेळी खटकली. निवेदक मुकुंद आहे, त्यामुळे त्याला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, हे मान्य. त्याचा निकाल, त्याचं रितं होणं, पुढे उभी असलेली त्याची दहावी, हे सगळं आपल्याला मिळतं. शिरोडकरने सामान बांधताना काय सोबत घेतलं, नव्या गावात तिची सुट्टी कशी गेली, याबद्दल एक ओळ नाही.